अप्पांनी अबोला धरलाय. माझी तीन इस्पिकची उडी एवढी चुकली का?

सोलापूरची_सून
मंडळी, पत्त्यांतला ब्रिज मी लग्नानंतर शिकले, सासऱ्यांकडून, म्हणजे अप्पांकडून. दर रविवारी दुपारी रेल्वे लाइन्समध्ये शेजाऱ्यांकडे डाव असतो. अप्पा आणि मी भिडू, समोर दोन काका. परवा उजवीकडच्या काकांनी पानं वाटली आणि स्वतः पास म्हणाले. माझी पानं:

इस्पिक राणी ९ ७ ५ ४ ३ २, बदाम राजा ४, चौकट राणी ६ ३, किलवरचा पंजा एकटा.

सात पानांचा रंग आणि पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) कमी, तर एक-दोन वगळून उडी मारायची, थेट तीन म्हणायचं, असं वाचलेलं. म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले. डावीकडून डबल, म्हणजे हरलो तर दंड वाढणार, अप्पा पास, उजवीकडच्या काकांनी चष्मा पुसला आणि तेही पास. आम्ही व्हल्नरेबल, म्हणजे आमचा दंड आणि बोनस दोन्ही चढे, ते नाहीत. तेरापैकी नऊ हात करायचे होते, पाच झाले. चार डाऊन, म्हणजे चार कमी, दंड ११००. त्यांचा तीन नो ट्रंपचा (हुकूम नसलेला) गेम, म्हणजे बोनस देणारी बोली, झाला असता तरी ४०० गेले असते.

तेव्हापासून अप्पा चहासुद्धा नातवाकडून मागवतात. उडी मारायची तरी कधी?

किलवरची_दुर्री
ताई, अप्पांचा राग रास्त आहे, अबोला जरा जास्त झाला.

पॉइंट कमी आहेत म्हणून उडी मारत नाहीत, समोरच्यांची बोलीतली जागा खायला मारतात. एकूण बोली ३५. तुम्ही तीन इस्पिक म्हणालात की त्यातल्या १४ त्यांच्यासाठी संपल्या. एक बदाम, एक नो ट्रंप करत सावकाश एकमेकांचा अंदाज घ्यायची सोय गेली. पण या जागेची किंमत तुमच्या रंगाला भरावी लागते. इस्पिकमध्ये राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि तीन बारीक पानं असती, तर अप्पांकडे काही नसतानाही एक्का गेल्यावर सहा हात तुमचे. तीनला नऊ लागतात, म्हणजे तीन डाऊन. व्हल्नरेबल नसाल तर डबलमध्ये ५००. समोरचे व्हल्नरेबल असून त्यांचं चार बदाम होणार असेल, तर त्यांचे ६२० बुडवून तुम्ही ५०० दिलेत. तेच तीन डाऊन व्हल्नरेबल असताना ८००. म्हणून जुना हिशेब असा की व्हल्नरेबल असताना दोन हात कमी पडले तर चालतात, नसताना तीन. तुमच्या या पानांत मला ओढूनताणून चार-पाच हात दिसतात.

शिवाय बदाम राजा, चौकट राणी ही बचावाची पानं. त्यांच्यामुळे समोरच्यांचा गेम तसाही अडखळला असता.

आणि बोलीतला नंबर! तुम्ही दुसऱ्या नंबरावर होता. एक काका पास झालेले, म्हणजे उरलेल्या दोघांत एक तुमचाच भिडू. वाट अप्पांची अडण्याची शक्यता निम्मी.

गड्ड्याची_जत्रा
पोरीला इतकं घाबरवू नका. दोन पास होऊन बोली तिसऱ्या नंबरावर आली आणि व्हल्नरेबल नसेन, तर हीच पानं घेऊन मी तीन इस्पिक म्हणतो. भिडू पास झालाय, माल डावीकडे आहे हे उघड आहे. कधी मार खातो, पण समोरचे आंधळेपणानं चारवर गेलेलेही पाहिलेत. चौथ्या नंबरावर मात्र असली उडी मारू नये. तिघं पास झाल्यावर आपणही पास म्हणून पानं ठेवून द्यावीत.

आणि सूनबाई, 'मोठ्यानंच म्हणाले' हे नको. आवाजातून भिडूला कळवणं नियमाबाहेर आहे. स्पर्धेत म्हणून तर तोंडानं बोलतच नाहीत, बोलीचे पत्ते मांडतात. बऱ्याच ठिकाणी उडीआधी 'स्टॉप'चा पत्ता ठेवायचा आणि डावीकडच्यानं दहाएक सेकंद थांबायचं, मनात काही असो नसो.

सोलापूरची_सून
तुमची उत्तरं अप्पांना ऐकू जातील अशी वाचली. दुसऱ्या नंबरापाशी त्यांनी पेपर खाली ठेवला. "माझ्याकडे इस्पिकचं एक पान नव्हतं. बदामची सहा होती. तू पास म्हणाली असतीस तर मी दोन बदामवर निवांत थांबलो असतो."

मग चार बदाम का म्हणाला नाहीत, विचारलं. म्हणाले, डबल झालं म्हणून घाबरून एक पायरी वर चढलं की बहुतेक वेळा तिथेही डबलच मिळतं. उडी मारणाऱ्याला वाचवायला जायचं नाही.

आता नवीन भांडण. इस्पिकची सहा चांगली पानं असताना दोन इस्पिक म्हणायचं का? मी शिकले ते कमजोर दोन, पाच ते दहा पॉइंटचं. अप्पांच्या लेखी दोन म्हणजे भरभक्कम पानं.

किलवरची_दुर्री
दोन्ही पद्धती चालतात, पण एका टेबलावर दोघांची एकच हवी. रविवारच्या आत ठरवा, आणि काय ठरलं ते काकांनाही सांगा. भिडूंमधली गुपितं ब्रिजमध्ये चालत नाहीत.

सोलापूरची_सून
सांगते. आत्ता नळाला पाणी आलंय.