मदत हवी आहे: वायनरीत नायट्रोजन जनरेटर बसवायचाय, शुद्धता किती घ्यावी आणि कॉम्प्रेसर एकच चालेल का?

द्राक्षवेल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमची लहान वायनरी आहे. पांढरी आणि लाल, दोन्ही वाइन करतो. नायट्रोजन आजवर सिलिंडरमधूनच घेत आलो. आता जागेवरच नायट्रोजन तयार करणारं यंत्र घ्यायचं नक्की केलंय, पण त्यातलं नेमकं काय घ्यावं यावर अडलोय.

सिलिंडर का नको ते आधी सांगतो. ४७ लिटरचा सिलिंडर १५० बारला भरलेला असला तर त्यातून साधारण ७ घनमीटर वायू मिळतो. आमच्या १०,००० लिटरच्या टाकीतून वाइन काढली आणि वर २,००० लिटर जागा मोकळी राहिली, की ती नीट धुवायला (म्हणजे तिथली हवा नायट्रोजनने हुसकायला) त्या जागेच्या चौपट वायू धरला तरी ८ घनमीटर लागतात. म्हणजे एका टाकीला एक सिलिंडरही पुरत नाही. मग होतं असं, की कामगार हात आखडता घेतात. मॅनहोलशी लायटर धरायचा, ज्योत विझली की ‘झालं’ म्हणायचं आणि झाकण लावायचं. ही पद्धत माझ्याही आधीपासून चालत आलेली आहे आणि मला ती पटत नाही. महिन्याभराने त्याच टाकीतलं मोकळं सल्फर (वाइन टिकवणारा सल्फर डायऑक्साइड) तपासलं तर अपेक्षेपेक्षा बरंच खाली आलेलं असतं.

कॉम्प्रेसर सध्या एकच आहे, तेलावर चालणारा पिस्टनचा. प्रेसचा फुगा, टाक्यांचे हवेवर चालणारे व्हॉल्व्ह, डायफ्राम पंप आणि बॉटलिंग लाइन, सगळं त्याच्यावर. ड्रायर नाही. हंगामात फिल्टरची वाटी उघडली की खाली दुधाळ पिवळसर पाणी साचलेलं दिसतं, बोटांना ते चिकट लागतं.

एक विक्रेते म्हणतात ९९.९९९ टक्के शुद्धतेचं पीएसए यंत्र (दाब कमीजास्त करून हवेतून नायट्रोजन वेगळा काढणारं) घ्या, त्याखाली जाऊच नका. दुसरे म्हणतात मेम्ब्रेनचं (पोकळ तंतूंतून हवा गाळणारं) घ्या, ९९ टक्के वाइनला भरपूर झालं. तिसऱ्यांचं म्हणणं, आहे त्याच कॉम्प्रेसरला यंत्र जोडून देतो, वेगळा खर्च नको.

तर प्रश्न असे:

शुद्धता खरोखर किती लागते? ९९ आणि ९९.९९९ यांतला फरक वाइनला कळतो का, की नुसता कागदावर राहतो?

हवा आणि नायट्रोजन, दोन्हींसाठी कॉम्प्रेसर एकच ठेवला तर हंगामात प्रेस चालू असताना काय होईल?

यंत्राचा आकार कशावरून ठरवायचा? आमची बॉटलिंग लाइन तासाला १,५०० बाटल्यांची आहे. वाइन हलवताना पंप ताशी ५,००० लिटर देतो.

आणि यंत्र आलंच तर रस निवळवायला फ्लोटेशनही करता येईल असं ऐकलंय. त्यात हवा वापरायची की नायट्रोजन?

---

पिंपघर

आधी तो लायटर बंद करा. ज्योत साधारण १६ टक्के ऑक्सिजनला विझते. हवेत तो २१ टक्के असतो. म्हणजे ज्योत विझली तेव्हा टाकीत मूळच्या ऑक्सिजनपैकी तीन चतुर्थांश शिल्लक होता. सल्फर कुठे गेलं त्याचं उत्तर बहुधा इथेच आहे. एक लहान हातातला ऑक्सिजन मीटर घ्या आणि टाकीतून बाहेर पडणाऱ्या वायूवर धरा.

आता हिशेब. तुमच्या २,००० लिटर मोकळ्या जागेत नुसती हवा असली तर तिच्यात जवळजवळ ५६० ग्रॅम ऑक्सिजन असतो. खाली ८,००० लिटर वाइन आहे, म्हणजे लिटरमागे ७० मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅम ऑक्सिजन रासायनिक हिशेबाने चार मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड खातो. किती नुकसान होऊ शकतं ते दिसतंच.

नायट्रोजन आत गेला की तो हवेत मिसळत जातो, हवेला एकसंध ढकलून बाहेर काढत नाही. मिसळण्याचं गणित धरलं तर जागेच्या तिप्पट वायू सोडल्यावर ऑक्सिजन १ टक्क्याच्या आसपास येतो, चौपटीला ०.४ आणि पाचपटीला ०.१४ टक्के. हे शुद्ध नायट्रोजनचं झालं. तुमच्या वायूतच १ टक्का ऑक्सिजन असेल तर कितीही सोडा, त्याखाली तुम्ही जाणार नाही.

पाचपट वायू सोडून तुमच्याच टाकीचे आकडे काढले. ९९ टक्क्यांचा वायू असेल तर सगळा शोषला गेल्यावर लिटरमागे जवळजवळ ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन वाइनमध्ये जाईल. ९९.९ ला ०.८ आणि ९९.९९९ ला ०.५ च्या जवळ. पहिली उडी मोठी आहे, दुसरी नगण्य. झाकणाचं रबर एका जागी कडक झालेलं असेल तर हा शेवटचा फरक रात्रीतून पुसला जातो. माझं मत: टाकीत वाइन राहणार असेल तर ९९.९ घ्या. बाटल्या धुण्यापुरतं ९९.५ चालतं. ९९.९९९ च्या मागे लागू नका.

आणि नायट्रोजनचा थर वाइनवर बसतो ही समजूत सोडा. तो हवेपेक्षा किंचित हलकाच आहे. झाकण उघडलं की गेला. जड वायूच पाहिजे असेल तर आरगॉन, पण तोही वेळ गेला की मिसळतोच. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली ठेवणं. २० टक्के मोकळी जागा ठेवून महिना काढण्यापेक्षा वाइन लहान टाकीत उतरवा.

---

हवाकाम

मी वाइनमधला नाही, कॉम्प्रेस्ड एअरमधला आहे, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर बोलतो.

आहे त्या कॉम्प्रेसरला यंत्र जोडू नका. तुम्ही वाटीतलं जे पाणी सांगितलंत तेच कारण पुरेसं आहे. पीएसएमध्ये कार्बन मॉलिक्युलर सीव्हने (अतिसूक्ष्म छिद्रांच्या कार्बनच्या दाण्यांनी) भरलेले दोन मनोरे असतात. दाबाखाली एक मनोरा ऑक्सिजन धरून ठेवतो आणि नायट्रोजन पुढे जातो, तोवर दुसरा दाब सोडून ऑक्सिजन बाहेर टाकतो. साधारण मिनिटाला पाळी बदलते. त्या सीव्हवर तेल बसलं की त्याची छिद्रं बुजतात, आणि ती पुन्हा उघडत नाहीत. यंत्र चालू दिसतं, शुद्धता मात्र घसरत जाते. मेम्ब्रेनच्या पोकळ तंतूंनाही तेल तितकंच वाईट.

दुसरं, पिस्टनचा कॉम्प्रेसर अधूनमधून विश्रांती मिळावी अशा बेताने बनवलेला असतो. नायट्रोजन यंत्र तासन्‌तास सलग हवा मागतं. त्याला स्क्रू कॉम्प्रेसर हवा.

आकाराचं बघू. बाटलीला तिप्पट वायू धरला तर ७५० मिलिलिटरला सव्वादोन लिटर. १,५०० बाटल्यांना ताशी ३.४ घनमीटर. त्याच वेळी वरच्या टाकीतून जितकी वाइन खाली जाते तितका वायू टाकीत भरावा लागतो, तो १.१. एकूण साडेचार. थोडी शिल्लक धरून ताशी ५.५ घनमीटर पुरेल. ९९.९ टक्क्यांना एक भाग नायट्रोजनसाठी साडेतीन ते चार भाग हवा लागते, म्हणजे मिनिटाला ०.३५ घनमीटर हवा. एवढ्यासाठी लहान स्क्रू कॉम्प्रेसर पुष्कळ झाला. ९९.९९९ मागितलंत तर तेच यंत्र निम्म्याहून कमी वायू देईल आणि हवा जास्त खाईल.

टाक्या धुणं हे अधूनमधूनचं मोठं काम. त्यासाठी यंत्र मोठं घेऊ नका, साठवण मोठी घ्या. १,००० लिटरचा रिसीव्हर ७ बारवरून ३ बारपर्यंत उतरला की ४ घनमीटर वायू देतो, आणि यंत्र तासाभरात तो पुन्हा भरतं.

आता प्रेसचं. हवेची मागणी हंगामात टोकाला जाते: प्रेस, पंप, व्हॉल्व्ह सगळं एकदम. नायट्रोजनची मागणी हंगामानंतर, वाइन हलवताना आणि बॉटलिंगला. त्यामुळे एकच मोठा स्क्रू कॉम्प्रेसर दोन्हींना पुरू शकतो, पण फुगा भरताना लाइनचा दाब खाली पडतो आणि नेमका तेव्हा पीएसए चालू असला तर शुद्धता जाते. म्हणून यंत्राआधी वेगळा हवेचा रिसीव्हर आणि मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावाच. मी तुमच्या जागी असतो तर पिस्टनवाला प्रेससाठी ठेवून नायट्रोजनला स्वतंत्र लहान स्क्रू घेतला असता.

क्रम असा: कॉम्प्रेसर, रिसीव्हर, रेफ्रिजरेटेड ड्रायर, कोॲलेसिंग फिल्टर (तेलाचे बारीक थेंब पकडणारा), कार्बन टॉवर (तेलाची वाफ शोषणारा), मग जनरेटर. हवा आयएसओ ८५७३-१ (दाबाच्या हवेच्या शुद्धतेचं मानक) च्या १.४.१ वर्गाची मागा. त्यात दाबाखालचा दवबिंदू ३ अंश आणि एकूण तेल घनमीटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या आत येतं.

खरेदीआधी गळती शोधा. ७ बारला ३ मिलिमीटरच्या एका भोकातून मिनिटाला अर्ध्या घनमीटरहून जास्त हवा जाते. वर काढलेल्या तुमच्या गरजेपेक्षा ती जास्त आहे.

---

नवखा

मधेच विचारतो. यीस्टला नायट्रोजन लागतो म्हणतात ना? मग किण्वनात हाच वायू सोडला तर?

---

किण्व

@नवखा, नाही. यीस्टला अमोनियम आणि अमिनो आम्लांतला नायट्रोजन लागतो. वायू त्याला वापरता येत नाही.

@द्राक्षवेल, फ्लोटेशनबद्दल. रसात ५-६ बार दाबाने वायू मुरवायचा, जिलेटिनसारखं काही घालायचं, आणि टाकीत दाब सुटला की बारीक बुडबुडे गाळाला चिकटून त्याला वर नेतात. दोनतीन तासांत वर घट्ट साय आणि खाली निवळ रस. गाळ बसायची रात्रभर वाट बघावी लागत नाही. अट एकच, रसातलं पेक्टिन (रस दाट ठेवणारा फळातला पदार्थ) आधी एन्झाइमने पूर्ण तुटलेलं हवं. पेक्टिनची चाचणी केल्याशिवाय पंप चालू करू नका, नाहीतर साय अर्ध्यावर लटकते.

हवा की नायट्रोजन हे द्राक्षावर ठरतं. सुगंधी, थायॉलवाल्या (ऑक्सिजनने बिघडणारी सुगंधी गंधक-संयुगं असलेल्या) जातींना नायट्रोजनच. सोविन्यों ब्लांक असेल तर विचारही करू नका. पण ज्या रसात तपकिरी पडणारे फिनॉल जास्त आहेत, प्रेसचा शेवटचा रस म्हणा, त्याला मी मुद्दाम हवा देतो. सल्फर घालण्याआधी. फिनॉल तिथेच काळे पडून गाळाबरोबर निघून जातात आणि पुढे वाइन टिकाऊ होते. रस काळपट दिसला म्हणून घाबरू नका, किण्वनात तो रंग बराच उतरतो.

लाल वाइनमध्ये चोथ्याचा थर फोडायला हवेचे मोठे बुडबुडे सोडता येतात, तिथे यीस्टला ऑक्सिजन हवाच असतो. फक्त ती हवा रसाला लागते. तुमच्या त्या वाटीतल्या पाण्याची हवा तिथे जाता कामा नये. फ्लोटेशनलाही तेच.

आणखी एक. नायट्रोजन हाताशी आला की जिथे तिथे वाइनमधून बुडबुडे सोडायचा मोह होतो. विरघळलेला ऑक्सिजन त्याने निघतो हे खरं, आणि बारीक छिद्रांच्या सिंटर्ड स्टीलच्या नळीतून, लिटरमागे पाव लिटर वायूने, १५ ते २० अंशांना छान निघतो. पण त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि वासही जातो. पांढरी वाइन मग सपाट लागते. मीटरवर आकडा बघा, गरज असेल तरच करा आणि एकदाच करा.

---

पिंपघर

वर कोणी सुरक्षेचं बोललं नाही म्हणून. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि गुदमरल्यासारखंही वाटत नाही, कारण शरीर कार्बन डायऑक्साइड साठल्यावरच ओरडतं. धुतलेल्या टाकीत डोकं घातलं तर एकदोन श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. सिलिंडर होते तेव्हा वायू मोजून वापरला जायचा. जनरेटर आला की तो न संपणारा होतो, त्यामुळे धोका वाढतो. १९.५ टक्क्यांच्या खाली ओरडणारा मॉनिटर खोलीत लावा आणि एक अंगावर घालायचा घ्या. पीएसए सोडतं ती ऑक्सिजनयुक्त हवाही छताबाहेर न्या.

टाकीचंही जपा. वाइनच्या टाक्या दाबासाठी केलेल्या नसतात. ६ बारची लाइन सरळ लावू नका, दोन टप्प्यांत दाब उतरवा आणि दाब व निर्वात दोन्हींना उघडणारा व्हॉल्व्ह बसवा. वायू न देता झाकण लावून पंप चालवला तर टाकी आत दबते.

---

द्राक्षवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. लायटर काढून घेतला, ऑक्सिजन मीटर मागवतोय. ९९.९ टक्के, ताशी ५.५ घनमीटर, स्वतंत्र स्क्रू आणि १,००० लिटरचा रिसीव्हर, असं लिहून तिन्ही विक्रेत्यांकडून पुन्हा प्रस्ताव मागवतो. पिस्टनवाल्याला ड्रायर आणि फिल्टर वेगळे लावेन.

एकच शंका राहिली. मोकळी टाकी वाइन घेण्याआधी पूर्ण धुवायची तर १०,००० लिटरला ४०-५० घनमीटर लागतील. दर वेळी एवढं करायचं?

---

पिंपघर

नाही. टाकीच्या तळाशी थोडा सुका बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टाका. एक किलोतून पाचशे लिटरच्या वर वायू निघतो, तो जड असल्याने तळाशी राहतो आणि वाइन येईपर्यंत पुरतो. नळी आधी नायट्रोजनने धुवून घ्या, वाइन खालच्या व्हॉल्व्हने आणि सुरुवातीला हळू घ्या. टाकी भरत आली की वरच्या उरलेल्या जागेला नायट्रोजन द्या.

---

हवाकाम

प्रस्ताव मागवताना दोन ओळी वाढवा: जनरेटरवर कायमचा ऑक्सिजन ॲनालायझर हवा, आणि शुद्धता कमी झाली की वायू आपोआप बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह हवा. यंत्र सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं वायू शुद्ध नसतो, तो रिसीव्हरमध्ये जायला नको. शिवाय हवेच्या आणि नायट्रोजनच्या लाइनला वेगवेगळ्या मापाची कपलिंग लावा, म्हणजे गर्दीच्या दिवसांत कोणी चुकीची नळी जोडूच शकणार नाही.