विखुरलेल्या स्टोरेजवर आयरॉड्स बसवताना डेटा हलवावा लागतो का?

प्रश्न:
आमच्या संशोधन गटाचा सुमारे ४० टेराबाइट डेटा लिनक्स सर्व्हरच्या डिस्कवर, अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री पद्धतीच्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर आणि टेपवर विखुरलेला आहे. कोणती फाइल कुठे आहे याची नोंद एका स्प्रेडशीटमध्ये असते आणि ती कधीच अद्ययावत नसते. डेटा जागचा न हलवता या सर्वांवर आयरॉड्स (वेगवेगळ्या ठिकाणचा डेटा एकत्र सांभाळणारी प्रणाली) बसवता येईल का, आणि दुसऱ्या संस्थेतील सहकाऱ्यांना फायली कशा देता येतील?

उत्तर १:
हलवण्याची गरज नाही. आयरॉड्समध्ये फाइलचे तार्किक नाव आणि तिचा प्रत्यक्ष पत्ता वेगळे असतात. त्यांची सांगड पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमधील कॅटलॉगमध्ये घातलेली असते. ‘आयरेज’ या आज्ञेने फाइल जागेवरच राहते आणि केवळ तिची नोंद होते. सॅन डिएगो सुपरकॉम्प्युटर सेंटरच्या स्टोरेज रिसोर्स ब्रोकर या आधीच्या प्रणालीतही हीच कल्पना होती. २००६ साली आलेल्या आयरॉड्सने तिला नियमांची जोड दिली, त्यामुळे फाइल आत येताच दुसरी प्रत करणे किंवा चेकसम (फाइल बदलली का हे ओळखण्याचा आकडा) काढणे ही कामे कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाहीत. टेपपुढे मात्र कॅशे, म्हणजे तात्पुरता साठा, म्हणून डिस्क ठेवावी लागते.

उत्तर २:
वरील उत्तर बरोबर आहे, पण खरी अडचण नोंदणीनंतर सुरू होते. आमच्या एका सहकाऱ्याने जुन्या सवयीने थेट सर्व्हरवर जाऊन एका डिरेक्टरीचे नाव बदलले. फायलींची यादी दाखवणाऱ्या ‘आयएलएस’ने त्यानंतरही सर्व फायली आकार आणि तारखेसह व्यवस्थित दाखवल्या, कारण ही आज्ञा कॅटलॉगला विचारते, डिस्ककडे पाहत नाही. फाइल उतरवून घेणारी ‘आयगेट’ ही आज्ञा दिल्यावर मात्र एकही फाइल उघडेना. चूक सापडेपर्यंत दोन दिवस गेले. म्हणून त्या डिस्कवर लिहिण्याची परवानगी आयरॉड्सच्या सेवाखात्यापुरतीच ठेवा, नोंदणीच्या वेळीच चेकसम काढून ठेवा आणि ठरावीक काळाने तो पडताळत जा. कॅटलॉगच्या डेटाबेसचा बॅकअपही डेटाइतक्याच गांभीर्याने घ्या, कारण तो गेला तर फायली उरतील, पण मेटाडेटा (फायलींविषयीची माहिती) आणि परवानग्या उरणार नाहीत.

उत्तर ३:
सहकाऱ्यांसाठी फेडरेशन, म्हणजे दोन स्वतंत्र आयरॉड्स व्यवस्थांची जोडणी, वापरा. प्रत्येक संस्था आपला झोन (स्वतःची आयरॉड्स व्यवस्था) आणि आपला कॅटलॉग स्वतःकडेच ठेवते, दोन्हीकडचे अ‍ॅडमिन परस्परांच्या झोनची नोंद करून ठरलेल्या किल्ल्या जुळवतात, आणि पाहुण्या वापरकर्त्याला त्याच्या झोनच्या नावासह परवानगी देता येते. फायरवॉलकडे विशेष लक्ष द्या. बहुतेक जण १२४७ हा एकच पोर्ट उघडून थांबतात. पण आयरॉड्सच्या ४ च्या मालिकेतील आवृत्त्यांत ३२ मेगाबाइटहून मोठ्या फायली मूळ मांडणीत २०००० ते २०१९९ या पोर्टांवरून समांतर जातात. त्यामुळे चाचणीच्या लहान फायली झटपट पोहोचतात, आणि खरा डेटा पाठवताना सगळे अडकून बसते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. थेट सर्व्हरवर जाऊन नावे बदलण्याची सवय आमच्याकडेही आहे, त्यामुळे आरंभी संपलेल्या प्रयोगांची एकच डिरेक्टरी केवळ वाचण्यापुरती करून नोंदवतो आणि फायरवॉलची चाचणी मोठ्या फाइलनेच घेतो.