मेंटर अवॉर्डला बॉसचं नाव देऊ की बाईंचं?

पिपेटवाली:
मंडळी जरा सल्ला हवाय. मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएचडी नंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये काही वर्षं संशोधन करणारी, चौथं वर्ष लागलंय. इथे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोस्टडॉक अप्रिसिएशन वीक असतो, नॅशनल पोस्टडॉक असोसिएशनने २००९ पासून चालू केलेला. एरवी आम्ही धड विद्यार्थी नाही, धड स्टाफ नाही, पार्किंगच्या फॉर्मवर सुद्धा "इतर" वर टिक करायची, पण त्या आठवड्यात मात्र बेगल काय, पिझ्झा काय, पाण्याची बाटली काय, नुसती चंगळ. शेवटच्या दिवशी दोन अवॉर्ड देतात, एक पोस्टडॉकला आणि एक मेंटरला, म्हणजे त्यांना शिकवणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या प्रोफेसरला. मेंटरचं नाव पोस्टडॉकनेच सुचवायचं असतं.

तर गेल्या लॅब मीटिंगनंतर आमचे बॉस कॉफीचा कप हातात घेऊन उभे, आणि म्हणाले नॉमिनेशन चालू झालीत वाटतं, आणि हसले. लगेच सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. 😐

बॉस वाईट अजिबात नाहीत हां. ग्रँट आहे, मशिनं आहेत, पगार वेळेवर. पण भेट तीन आठवड्यांतून एकदा आणि ड्राफ्ट पाठवला की उत्तर दोन शब्दांचं, "लुक्स गुड". खरं मला ज्यांनी शिकवलं त्या दुसऱ्या मजल्यावरच्या एक प्रोफेसर, माझ्या लॅबच्या पण नाहीत, मी मनात त्यांना बाईच म्हणते शाळेतल्यासारखं. के-नाइंटीनाइन ग्रँटला (पोस्टडॉकला पुढे स्वतःची लॅब काढता यावी म्हणून मिळणारा सरकारी निधी) पोस्टडॉकची चार वर्षं व्हायच्या आत अर्ज टाकावा लागतो, तेव्हा माझं एम्सचं, म्हणजे संशोधनाची उद्दिष्टं मांडायचं, एक पान त्यांनी अकरा वेळा वाचलं. अकरा! एक पान! लाल पेनने, समासात बारीक अक्षरात, आणि सहाव्या वेळी नुसतं एकच लिहिलेलं, "मग काय झालं?" तेव्हा राग आलेला, आता कळतं की त्या एका प्रश्नाने अख्खा दुसरा एम सुधारला.

अडचण अशी की माझी ग्रीन कार्डची फाईल तयार होतेय आणि त्यात बॉसचं लेटर लागणार. बाईंचं नाव दिलं आणि बॉसना कळलं तर? काय करू?

बाकावरचा:
मी आमच्याकडे या कमिटीत दोन वर्षं होतो पोस्टडॉकांच्या वतीने, म्हणून आतली गोष्ट सांगतो. बहुतेक लेटरं अशी असतात की नाव झाकलं तर कुणाचीही खपतील. "अत्यंत प्रेरणादायी", "दार नेहमी उघडं". अरे दार उघडं म्हणजे काय, एसी बंद होता का? एका प्रोफेसरांसाठी तीन लेटरं आलेली, तिन्हीत तेच वाक्य आणि त्या वाक्यात तीच स्पेलिंगची चूक. ड्राफ्ट कुणी लिहून दिला असेल हे ओळखायला पोस्टडॉक करावा लागत नाही.

आम्ही खरं काय बघायचो ते सांगतो. जुने पोस्टडॉक आज कुठे आहेत, आणि त्यातले इंडस्ट्रीत किंवा शिकवायला गेलेले त्यांच्याबद्दल मेंटर कसं बोलतात, "वाया गेला" म्हणतात की अभिमानाने सांगतात. फर्स्ट ऑथर कोण, म्हणजे पेपरवर पहिलं नाव कुणाचं. आणि माझ्या मते सगळ्यात मोठी कसोटी, पोस्टडॉक लॅब सोडून जाताना प्रोजेक्ट बरोबर नेऊ दिला का. तोंडाने सगळेच गोड असतात हो, पण दोन वर्षं राबून उभा केलेला माऊस (प्रयोगाच्या उंदरांचा वाण) किंवा डेटा "घेऊन जा, आता तुझा" म्हणणारे फार थोडे. ज्यांनी असं लेखी दिलेलं त्या आमच्याकडच्या एका प्रोफेसरांना आम्ही पाच मिनिटांत निवडलं, बाकी तासभर नुसता वाद.

तेव्हा तू ती अकरा वेळांची गोष्ट आहे तशी लिही. "मग काय झालं" सकट.

आगाऊ_बाब्या:
सगळं ठीक आहे पण मला हे वीक बिक प्रकरणच पटत नाही. २०२४ ला एनआयएचने (आरोग्य संशोधनाला पैसे देणारी अमेरिकन सरकारी संस्था) नवीन पोस्टडॉकचा स्टायपेंड वर्षाला ६१,००८ डॉलर केला, आणि त्यांच्याच सल्लागार समितीने डिसेंबर २०२३ मध्ये निदान ७०,००० द्या म्हणून शिफारस केलेली. मधले नऊ हजार पिझ्झातून वळते करून घ्यायचे का? २०२२ ला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ४८,००० लोक संपावर गेले, त्यात पोस्टडॉक पण होते, तेव्हा कुठे पगार वाढले. त्याला म्हणतात अप्रिसिएशन.

आणि मेंटरिंग म्हणाल तर एनएसएफला (विज्ञान संशोधनाला ग्रँट देणारी दुसरी सरकारी संस्था) पोस्टडॉकचा पगार मागायचा तर ग्रँटबरोबर मेंटरिंग प्लॅन जोडावा लागतो, २००७ च्या कायद्यात तसं लिहिलंय. आमच्या लॅबमध्ये तो प्लॅन कॉपी पेस्ट व्हायचा, माझ्या वेळच्या प्लॅनमध्ये माझ्या आधीच्या पोस्टडॉकचं नाव तसंच राहिलेलं. मी तीन वर्षं त्याच्या नावाने मेंटरिंग घेत होतो 😂

पिपेटवाली:
@आगाऊ_बाब्या हसून मेले. पण पगाराचं भांडण वेगळं आणि हे वेगळं ना? पगार युनिव्हर्सिटी देते, पान बाईंनी वाचलं. त्याचे त्यांना कुणी पैसे दिले नाहीत, त्यांच्या प्रमोशनच्या फाईलमध्ये पण ते दिसणार नाही.

पाषाणवरून:
धागा वाचून आधी हसू आलं मग जरा पोटात तुटलं. मी पुण्यात एका संस्थेत रिसर्च असोसिएट, म्हणजे इथला पोस्टडॉकच. २०२३ च्या नवीन रेटने आरए-वनला (रिसर्च असोसिएटची पहिली पायरी) महिना ५८,००० रुपये आणि वर एचआरए, कागदावर बरं आहे, पण माझे पहिले सात महिन्यांचे पैसे एकदम आले, तोपर्यंत घरभाडं बाबांनी भरलं. वय तेहतीस आणि बाबांकडून घरभाडं, सोसायटीत कुणी विचारलं काय करतोस तर आई सांगते "अजून शिकतोय". पीएचडी होऊन तीन वर्षं झाली, पण अजून शिकतोय.

आमच्याकडे गाईडचा सत्कार म्हणजे निवृत्तीच्या दिवशी शाल श्रीफळ, नाहीतर पाच सप्टेंबरला गुच्छ, आणि भाषण करणारा तोच ज्याला अजून सही हवी असते. पोस्टडॉकचा सत्कार ही कल्पनाच नाही, तुम्हाला निदान बेगल तरी.

पण मेंटर लक्षात राहतो तो अवॉर्डने नाही हे पण खरं. हरगोविंद खुराना १९४८-४९ मध्ये झुरिकला व्लादिमिर प्रेलॉग यांच्याकडे पोस्टडॉक करत होते, साठवलेल्या पैशावर, स्टायपेंड शून्य, आणि अकरा महिन्यांत पैसे संपल्यावर सोडून यावं लागलं. पुढे १९६८ ला नोबेल मिळालं तेव्हा सुद्धा विज्ञानाकडे आणि कामाकडे बघायची नजर प्रेलॉगनी दिली असंच सांगितलं त्यांनी. अकरा महिने फक्त. (तुझी अकरा वेळा आणि त्यांचे अकरा महिने, योगायोग.)

जुना_खोड:
मी इथे अमेरिकेत फॅकल्टी आहे वीस एक वर्षं, म्हणजे पलीकडच्या बाजूचा. मुली, भावनेच्या आधी कागद बघ. दोन गोष्टी कर. एक, पोस्टडॉक ऑफिसला सरळ ईमेल करून विचार की नाव सुचवणाऱ्याचं नाव कोणाकोणाला दिसतं आणि कमिटीत तुझ्या डिपार्टमेंटचं कुणी आहे का. हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही, दर वर्षी कुणीतरी विचारतंच. दुसरी, ग्रीन कार्डचं लेटर आत्ताच मागून घे. सही झालेली पीडीएफ वकिलाकडे गेली की तुझ्या डोक्यावरचा निम्मा भार उतरेल.

बॉसबद्दल म्हणशील तर, कॉफी घेऊन हसत बोललेलं वाक्य आम्ही लोक तासाभरात विसरतो आणि तुम्ही लोक महिनाभर झोपत नाही. मी पण बोललेलो असेन असं कधीतरी, आता आठवून कानकोंडं व्हायला होतंय. त्यांना खरंच हवं असेल तर त्यांच्या लॅबमध्ये अजून चार पोस्टडॉक असतील, त्यांना वाटलं तर ते लिहितील. नाही वाटलं तर तो त्यांचा प्रश्न.

आणि बाईंसाठी एकटी लिहू नकोस. लॅबबाहेरच्या मुलीचं पान अकरा वेळा वाचणारी व्यक्ती फक्त तुझ्याच वेळी तशी वागली असेल हे शक्य नाही. जुनी माणसं शोध.

पिपेटवाली:
अपडेट. सगळ्यांना थँक्यू, विशेषतः खोड काकांना (काका म्हटलं तर चालेल ना).

लेटर मागितलं, बॉसनी दोन दिवसांत सही करून दिलं, आणि खरं सांगते, चांगलं लिहिलंय हो, "लुक्स गुड" वाल्या माणसाकडे एवढे शब्द आहेत हे चार वर्षांत माहीत नव्हतं. थोडं अपराधी वाटलं. पोस्टडॉक ऑफिसने सांगितलं की सुचवणाऱ्याचं नाव फक्त कमिटीला दिसतं आणि आमच्या डिपार्टमेंटचं तिथे कुणी नाही.

मग जुनी माणसं शोधली, पाच सापडली, एक बॉस्टनला कंपनीत, एक चक्क बंगलोरला. दोघांनी त्याच दिवशी लिहून पाठवलं. बंगलोरवालीने जुन्या पानाचा फोटो जोडला, समासात लाल अक्षरात तेच, "मग काय झालं?" मी एकटीच शहाणी नव्हते तर.

नाव देतेय हे सांगायला बाईंकडे गेले होते काल. त्यांनी विचारलं लेटर कोण लिहितंय. मी म्हटलं मी. म्हणाल्या, मग मला दाखवू नकोस, नाहीतर मी पेन काढेन.

बाकावरचा:
दाखवच. बारावा ड्राफ्ट होऊन जाऊ दे.