कुत्र्याच्या पोटातली टाइट जंक्शन प्रोटीन्स दुरुस्त करणारी पावडर, घ्यावी का?

शेरूचीआई:
आमचा शेरू लॅब्राडोर आहे, वय नऊ, मागच्या पायांनी उठताना कण्हतो म्हणून बाबांनी कुणाला न विचारता ब्रुफेन चारली, चपातीत गुंडाळून. मग उलट्या आणि शी एकदम डांबरासारखी काळी. डॉक्टरांनी ती बंद करून ओमेप्राझोल (ॲसिड कमी करणारं) आणि सुक्राल्फेट (पोटातल्या जखमेवर थर देणारं) चालू केलंय, आता खातोय बऱ्यापैकी. पण ऑनलाइन एक पावडर दिसली, 'पोटाच्या अस्तरातली टाइट जंक्शन प्रोटीन्स दुरुस्त करते, कुत्र्याच्या पेशींवर सिद्ध' असं लिहिलंय. ही प्रोटीन्स म्हणजे काय आणि मागवू का?

व्हेट_नगरवाला:
आधी बाबांना सांगा, माणसांची पेनकिलर परत नाही म्हणजे नाही. अस्तराच्या पेशी एकमेकींना खेटून असतात, वरच्या कडेला त्यांच्यामधली फट बंद करतात ती क्लॉडिन आणि ऑक्लुडिन ही प्रोटीन्स, आणि आतून झेडओ-१ नावाचं प्रोटीन त्यांना पेशीच्या सांगाड्याशी बांधून ठेवतं, हा जोड म्हणजेच टाइट जंक्शन. क्लॉडिनचे वीसच्या वर प्रकार आहेत, पोटातलं खास म्हणजे क्लॉडिन-१८, ते नसलेल्या उंदरांच्या पोटात ॲसिड पेशींच्या मधून झिरपतं आणि जठराला सूज येते. पण ब्रुफेनचा मुख्य घाव वेगळाच असतो, ती प्रोस्टाग्लँडिन (अस्तराला जपणारी रसायनं) बनू देत नाही, मग म्युकस म्हणजे वरचा चिकट थर कमी, ॲसिड मारणारं बायकार्बोनेट कमी, अस्तराचं रक्त कमी आणि ॲसिड थेट पेशींवर. जंक्शन त्या भानगडीत ढिली पडतात, नुसती तीच दुरुस्त करून काय होणार?

पेट्रीडिश:
'कुत्र्याच्या पेशी' वाचून हसू आलं. बहुतेक एमडीसीके असणार, १९५८ मध्ये मॅडिन आणि डार्बी यांनी एका कॉकर स्पॅनियलच्या किडनीतून काढलेल्या, टाइट जंक्शनवरचं जगभरातलं बरंच काम त्यांच्यावरच चालतं. पेशींचा थर वाढवायचा, दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड लावून विजेला होणारा रेझिस्टन्स मोजायचा (फटी जितक्या घट्ट तितका जास्त), तो वाढला की झाली जाहिरात. पण पेशी किडनीच्या हो, तिथे ना ॲसिड ना म्युकस. खऱ्या पोटावरचं बघायचं तर डेव्हनपोर्ट या संशोधकाचं १९६४ चं काम, कुत्र्याच्या जठराच्या पिशवीत ॲस्पिरिन गेलं की ॲसिड उलटं अस्तरात शिरतं हे त्यात दिसलं. आणि बायोप्सीत, म्हणजे अस्तराचा तुकडा काढून रंगवून बघताना, क्लॉडिनचा रंग छान आला म्हणजे फट बंदच आहे असंही नसतं, प्रोटीन असून जागेवरून सरकलेलं असू शकतं.

शेरूचीआई:
बरं, पावडर कॅन्सल. दोन्ही औषधं जेवणात एकत्रच कालवून देते, चालतं ना?

व्हेट_नगरवाला:
नाही हो! ओमेप्राझोल जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, रिकाम्या पोटी. सुक्राल्फेट पाण्यात घोळून, बाकी औषधांपासून निदान दोन तास लांब, ते जखमेला चिकटतं तसं सोबतच्या औषधालाही धरून ठेवतं. डोस तुमच्या डॉक्टरांचाच. हिरड्या पांढरट दिसल्या किंवा परत काळी शी झाली तर रात्र असली तरी घेऊन जा, सकाळची वाट बघू नका. मागच्या पायांच्या दुखण्याचं मग पोट सावरल्यावर बघू, आणि डॉक्टरांनी पुढे कुत्र्यांची पेनकिलर दिलीच तर तिच्यासोबत स्टेरॉइड अजिबात नको.