स्वरयंत्र खाली सरकलं म्हणून माणूस बोलू लागला का?

ध्वनिवेडा: माणसाचं स्वरयंत्र घशात खाली असतं म्हणून आपण बोलतो, निअँडरथलचं (आपल्या जवळच्या, आता नामशेष झालेल्या मानवाचं) वर होतं म्हणून तो मुका, असं बरेचदा वाचतो. हे अजून ग्राह्य आहे का?

काना_मात्रा: दावा १९७१चा, लीबरमन आणि क्रेलिन या संशोधकांचा. फ्रान्समधल्या एका निअँडरथल कवटीवरून घशाची रचना बांधून त्यांनी म्हटलं की 'आ, ई, ऊ' हे टोकाचे स्वर निघणार नाहीत. गोची अशी की स्वरयंत्र कूर्चेचं, त्याचा जीवाश्म उरत नाही. १९८३ साली इस्रायलच्या केबारा गुहेत सुमारे ६०,००० वर्षं जुन्या निअँडरथलचं हायॉइड, म्हणजे जिभेच्या मुळाशी असणारं हाड, मिळालं. आकार आपल्यासारखाच. पण ते हाड घशात किती उंचीवर होतं, हे त्यावरून ठरत नाही.

बारशिंगा: मुळात हा निकषच लंगडा. युरोपातल्या रेड डिअर या हरणाच्या नराचं स्वरयंत्रही खालीच असतं, ओरडताना आणखी खाली जातं. आवाज भारदस्त होतो, अंग मोठं भासतं. भाषा मात्र शून्य! २०१६ मध्ये फिच या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी मकाक माकडाच्या क्ष-किरण चित्रफितींवरून मॉडेल केलं, तर त्या घशातून ५ वेगळे स्वर निघू शकतात असं दिसलं. अडतं ते मेंदूत.

ध्वनिवेडा: मग भाषेशी जोडलं जाणारं फॉक्सपी२ जनुक?

काना_मात्रा: त्याला 'भाषेचं जनुक' म्हणू नका. ते इतर अनेक जनुकांचं काम कमीजास्त करतं, आणि उंदरातही असतं. चिंपांझीच्या तुलनेत, या जनुकापासून बनणाऱ्या आपल्या प्रथिनात २ अमिनो आम्लं वेगळी. तेच दोन बदल निअँडरथलमध्येही सापडले.