फिगो डिझेलची खरी पॉवर कुठे मोजून मिळेल? (जळगाव, बजेट १५ हजार)

एमएच१९_फिगो
नमस्कार मंडळी. दिवाळीत सेकंड हँड फिगो घेतली, २०१७ ची, १.५ डिझेल. आधीच्या मालकाने रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून पॉवर वाढवणं) केलेला आहे म्हणे, आणि गाडीसोबत डायनोचा (पॉवर मोजायच्या मशीनचा) एक कागद दिला त्यावर १४२ पीएस पॉवर आणि ३१० एनएम टॉर्क (ओढ) छापलंय. कंपनीचा आकडा १०० पीएस, २१५ एनएम. गाडी पळते, त्यात वाद नाही, पाळधी सोडलं की थर्डमध्ये पाय दिला तर पाठ सीटला चिकटते, पण १४२ वाटत नाही हो. आणि हल्ली पाचव्या गिअरला चढावर आरपीएमचा काटा वर जातो पण गाडी काही त्या मानाने जात नाही. तर विचारायचं एवढंच की खरी पॉवर मोजून कुठे मिळेल, आपल्या जळगाव-धुळ्याकडे कोणाकडे डायनो आहे का, आणि परत ट्यून करायची वेळ आलीच तर कोणाकडे करू. बजेट सगळं धरून १५ हजार, वर एक रुपया नाही. घरी गाडीवरून आधीच बोलणी खाऊन राहिलो.

टर्बो_तात्या
१५ हजारात ट्यूनिंग नाही होत भाऊ, १५ हजारात स्टिकर येतात. माझ्या ऑक्टाव्हियाला डाउनपाइप, मोठा इंटरकूलर, इनटेक आणि मग वरून स्टेज २ (बदललेल्या पार्टला धरून केलेला मोठा रिमॅप) केलं, दोन लाखाच्या वर गेलो पण आता भुसावळहून नशिराबाद कधी आलं ते कळत नाही. माझा सल्ला, अजून सहा महिने पैसे साठव आणि एकदाच नीट कर. अर्धवट करायचं तर करूच नये.

केळीवाला_रावेर
मी सांगस ते आयक भो, गाडी इकी टाक. फोर्डने २०२१ लाच इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, उद्या पार्ट शोधत फिरशील. थोडे टाकून नेक्सॉन पेट्रोल घे, १२० पीएस कंपनीचेच, रिमॅप नको न डायनो नको. मी तीच घेतली, सावद्याच्या मळ्यात पण जाते न लग्नाला पण जाते.

एमएच१९_फिगो
काका बजेट १५ हजार आहे, नेक्सॉनचे टायर येतील तेवढ्यात.

धुळेकर_१८
डायनो कशाला पाहिजे, पिथमपूरला जा. नॅट्रॅक्सचा हायस्पीड ट्रॅक आहे ११.३ किलोमीटरचा, २०२१ मध्ये सुरू झाला, धुळ्याहून आग्रा रोड धरायचा, शिरपूर, पळासनेर, सेंधवा, पुढे पिथमपूर. एका दिवसात जाऊन येशील.

आरटीओ_पीडित
नॅट्रॅक्स गाड्यांच्या कंपन्यांसाठी आहे, तिथं गेटवर फिगो घेऊन उभं राहिलं तर कोणी ये म्हणणार नाही. भाड्याने ट्रॅक मिळतो पण ते भाडं बघून हा गाडी गेटवरच सोडून येईल. आणि टॉप स्पीड काढून पॉवर कळत नाही. दुसरं, कोणी बोललं नाही म्हणून मी सांगतो, सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल आहे की नोंदणीतल्या कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि कलम १८२ए मध्ये एकेका बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रिमॅप बाहेरून दिसत नाही हे खरं, पण मोठा अॅक्सिडेंट झाला की इन्शुरन्सवाला सगळं उकरून काढतो.

टर्बो_तात्या
आला का वकील. माझ्या गाडीला आजपर्यंत कोणी हात लावलेला नाही.

पुण्यातला_पाचोरेकर
फिगोवाले भाऊ, त्या कागदाचा फोटो टाका. मोठे छापलेले आकडे सोडा, मला रेषा बघायच्या आहेत. मी पुण्यात एका वर्कशॉपला रोलर डायनोवर काम करतो.

एमएच१९_फिगो
फोटो चढत नाहीये, वाचून सांगतो. पॉवरचं टोक ३७५० आरपीएमला, १४२. त्याच रेघेवर टॉर्क बघितला तर २१५-२२० च्या मधात कुठेतरी. ३१० आहे तो २१०० आरपीएमला. गाडीचा नंबर नाही, तारीख नाही, वर्कशॉपचं नाव नाही.

कन्नड_घाट_फॅन
खोटा आहे कागद. पॉवर आणि टॉर्कच्या रेषा ५२५२ आरपीएमला एकमेकींना कापायलाच पाहिजेत, कापतात का बघ. नसतील कापत तर फोटोशॉप.

पुण्यातला_पाचोरेकर
कागद खोटाच आहे, पण कारण ते नाही. ५२५२ चा नियम एचपी आणि पाउंड-फूट असेल तेव्हाचा. आपल्याकडे पीएस आणि एनएम, त्यात तो आकडा ७०२३ होतो, आणि डिझेल इंजिन तिथपर्यंत जातच नाही, त्यामुळे रेषा कापल्या काय न नाही कापल्या काय.
हिशोब असा. एनएमला आरपीएमने गुणायचं, ७०२३ ने भागायचं, पीएस येतात. २१५ गुणिले ३७५० भागिले ७०२३, आले ११५. २२० धरा, ११७. म्हणजे त्याच कागदावरची टॉर्कची रेष म्हणतेय ११५ आणि वर ठळक छापलंय १४२. खरंच १४२ असते तर ३७५० ला टॉर्क २६६ च्या आसपास दिसला असता. कोणीतरी वरचा आकडा हाताने बदललाय, खालची रेष बदलायची राहून गेली. ११५ सुद्धा खरे असतील असं मी म्हणत नाही.

कन्नड_घाट_फॅन
मी पण तेच म्हटलं, कागद खोटा आहे.

शहाद्याची_ताई
रिमॅपच्या भानगडीत पडू नको दादा. माझ्या स्विफ्ट डिझेलला नंदुरबारच्या एकाने ट्यूनिंग बॉक्स लावून दिला, सेन्सरच्या वायरमध्ये मधात बसवायचा असतो तो. पहिले दोन महिने छान, मग काळा धूर इतका की मागचा मोटारसायकलवाला शिव्या देत ओव्हरटेक करायचा, आणि एके दिवशी प्रकाशाच्या पुलावर चेक इंजिनचा दिवा लागून गाडी लिंपमोडला (इंजिन स्वतःच पॉवर कमी करतं तो) गेली. मागे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, माझे सासरे पुढच्या सीटवर. दुकानदार म्हणे बॉक्स चांगला आहे, तुमचं डिझेल खराब. बॉक्स काढून टाकला, गाडी सुतासारखी सरळ. आता विकायला काढलाय, कोणाला पाहिजे असेल तर सांगा.

केळीवाला_रावेर
ताई, आधी धूर म्हणायचं न मग विकायला काढायचं असं नसतं करत :)

ट्रॅक्टरवाला_चोपडा
पॉवर मोजायची तर ट्रॅक्टरच्या पीटीओला (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला) लावतात तो डायनो बघ ना, मोठ्या डीलरकडे असतो कधी कधी. ट्रॅक्टरची सरकारी टेस्टिंग बुदनीला होते, मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठावर, तिथले रिपोर्ट बघितले तर कळतं की ५० एचपीचा ट्रॅक्टर पीटीओला ५० देत नाही, कमीच भरतो. हे कार कंपन्यांनी पण छापायला पाहिजे.

पुण्यातला_पाचोरेकर
पीटीओचा डायनो कारला कुठं जोडणार दादा. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे. कंपनी सांगते ती पॉवर इंजिनची, रोलरवर मिळते ती चाकाची, मधे गिअरबॉक्स आणि टायर खातात. साधारण १५ टक्के धरायची पद्धत आहे, म्हणजे १०० ची गाडी रोलरवर ८५ दाखवेल आणि ती एकदम तंदुरुस्त असेल. सगळी गंमत इथेच होते. कोणी चाकाची सांगतो, कोणी त्यात १५ मिळवतो, कोणी २५ मिळवून गिऱ्हाईक खूश करतो.
दुसरी गंमत हवामानाची. मशीन हवेचा दाब आणि तापमान घेऊन आकडा दुरुस्त करतं. एसएई या मानकाचा पाया २५ डिग्रीचा. आपल्याकडे मे मध्ये ४३-४४ असतं, नुसत्या तापमानापोटी तीन-साडेतीन टक्के वाढवून मिळतात. टर्बो गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बूस्टने, म्हणजे टर्बोचा दाब वाढवून, ती कमी बरीचशी स्वतःच भरून काढतो, म्हणजे पेट्रोलच्या साध्या गाडीचं करेक्शन तिला जसंच्या तसं लावलं की आकडा फुगला. त्यामुळे कागद घेताना विचारायचं की चाकाची का इंजिनची, आणि करेक्शन कोणतं. चौथ्या गिअरमध्ये ओढायला सांगायचं, समोर मोठा पंखा असलाच पाहिजे, टायरमधली हवा दोन्ही वेळेला सारखी. आणि रिमॅप करायचा असेल तर त्याच मशीनवर त्याच दिवशी आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही ग्राफ. एकट्या आकड्याला मी तरी किंमत देत नाही. दोन मशीनचे आकडे एकमेकांशी लावून भांडणारे लोक रोज बघतो.
जळगाव-धुळ्यात कार डायनो माझ्या माहितीत नाही. पुण्याला या, जाऊन-येऊन ८०० च्या वर किलोमीटर, साडेतीन-चार हजारांचं डिझेल, टोल वेगळा.
पण त्याच्या आधी क्लच बघा. पाचव्या गिअरला आरपीएम चढतो आणि गाडी जात नाही म्हणजे क्लच घसरून राहिलाय. असा क्लच घेऊन रोलरवर चढवलं तर पॉवर मोजली जाणार नाही, फक्त वास येईल.

धुळेकर_१८
पुण्याला जाताना संभाजीनगरमार्गे नको जाऊ, चाळीसगाव, मालेगाव, नाशिक असा जा.

कन्नड_घाट_फॅन
मालेगाव??? जळगाव ते पुणे मालेगावहून कोण जातं. कन्नड घाट चढ, वेरूळ, संभाजीनगर, नगर.

धुळेकर_१८
घाटात ट्रक अडकला की बसा चार तास. मी बसलेलो आहे. नाशिककडून गेलं तर निदान वाटेत शेवभाजी तरी धड मिळते.

ट्रॅक्टरवाला_चोपडा
नाशिकच्या बाजूला शेवभाजी? भो, तिकडे टोमॅटो घालतात. शेवभाजी खायची तर धुळ्याच्या पुढे पावलं टाकू नये, काळ्या मसाल्याची, वर बोटभर तर्री, न जाडी शेव शेवटच्या मिनिटाला.

केळीवाला_रावेर
हिवाळा आहे, भरीत खा. बामणोदची वांगी.

एमएच१९_फिगो
अहो गाडीचं बोला ना. पाचोरेकर दादा, पुण्याचं जाणं-येणंच पाच-सहा हजार झालं, मग डायनोचे पैसे, मग क्लच. घरी बसून मोजायचा काही जुगाड आहे का?

पुण्यातला_पाचोरेकर
अंदाज येतो. वजनकाट्यावर गाडी माणसांसकट तोलून घ्या, एमआयडीसीत दालमिलच्या बाजूला काटे आहेतच. ओबीडीला (गाडीच्या तपासणी सॉकेटला) डोंगल लावा, फोनवर थर्ड गिअरचे ६० ते १०० चे सेकंद घ्या, जाताना एकदा आणि त्याच रस्त्याने उलटं एकदा, वारा आणि उतार कटतो. समजा वजन भरलं १२०० किलो आणि वेळ लागला ६ सेकंद, तर सरासरी ४९ किलोवॅट, म्हणजे ६७ पीएस, वर हवेचा आणि टायरचा विरोध धरून अजून १० च्या आसपास मिळवा. झाले ७७, चाकाला, आणि सरासरी, टोक याच्या वर असेल. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आज लिहून ठेवा, उद्या काही बदललं की त्याच जागी परत घ्या.

आरटीओ_पीडित
हायवेवर १०० चे टायमिंग घ्यायला सांगून राहिले लोकांना. बांभोरीच्या पुलाजवळ गुरं बसलेली असतात रात्री, तेवढं लक्षात ठेवा.

पुण्यातला_पाचोरेकर
बरोबर आहे. ४० ते ८० घ्या सेकंड गिअरला, पहाटे, रिकाम्या सरळ रस्त्यावर, शेजारी एक जण फोन धरायला. ड्रायव्हरने फोन धरायचा नाही.

टर्बो_तात्या
इतकं गणित करण्यापेक्षा स्टेज २ कर मोकळा हो.

शहाद्याची_ताई
दादा तू आधी क्लच बघून घे बरं, मला वाटतं क्लच गेलाय तुझा. आणि टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते पण विचार आधीच्या मालकाला, या इंजिनला बेल्ट आहे, चेन नाही. तो तुटला तर १४२ काय न १०० काय.

कन्नड_घाट_फॅन
क्लच आणि बेल्ट, मी पण हेच सांगणार होतो.

एमएच१९_फिगो
सगळ्यांचे आभार, लई माहिती मिळाली. वजन केलं, आम्ही दोघं धरून ११९० भरलं. टायमिंग नाही घेतलं, डोंगल चायनाचं निघालं, कनेक्टच होत नाही.
ठरवलंय असं की माझा मावसभाऊ सुरतला उधन्याला राहतो, त्याच्या ओळखीचा एक पोरगा आहे, तो लॅपटॉप लावून रोडवरच ट्यून करतो, ८ हजारात. डायनो नाही त्याच्याकडे पण मावसभावाच्या क्रेटाला केलंय, मावसभाऊ म्हणतो रॉकेट आहे. रविवारी जातोय, नवापूरहून. क्लच आमचा गॅरेजवाला म्हणतो अजून सहा महिने सहज जाईल. उरलेल्या ७ मध्ये सबवूफर बसवून घेतला, कालच.

पुण्यातला_पाचोरेकर
बरं. मग एवढं तरी करा. त्याने काही लिहायच्या आधी तुमच्या ईसीयूत आत्ता जी फाइल आहे ती वाचून पेनड्राइव्हवर घ्या, आणि कंपनीची मूळ फाइल मिळाली तर ती पण. आधीच्या रिमॅपवर दुसरा रिमॅप चढवू देऊ नका, मूळ फाइलपासूनच सुरू करायला सांगा. खाली २००० च्या आसपास टॉर्क एकदम चढवू नका म्हणावं, तुमचा क्लच तिथेच जाईल.

एमएच१९_फिगो
पेनड्राइव्ह किती जीबीचा लागेल?

पुण्यातला_पाचोरेकर
कोणताही चालेल भाऊ.

टर्बो_तात्या
८ हजारात रॉकेट. चालू द्या.

केळीवाला_रावेर
सुरतला जातोच आहेस तर रिंगरोडच्या मार्केटमधून साड्यांचं एक पार्सल आणशील का? दुकानदाराशी बोलून ठेवतो, फक्त उचलायचं. पुतणीचं लग्न आहे.

एमएच१९_फिगो
आणलं असतं काका, पण डिकीत सबवूफर आहे. मागच्या सीटवर मावत असेल तर सांगा.

केळीवाला_रावेर
मावेल. वजन ७०-८० किलो असेल फक्त.