आधी पाठ की आधी प्रयोगशाळा? अकरावीच्या जीवशास्त्राविषयी

धागालेखक (लातूर, कनिष्ठ महाविद्यालयात अध्यापन) :
अकरावीचे पेशीविषयक प्रकरण फळ्यापाशी सुरू न करता थेट सूक्ष्मदर्शकापाशी सुरू करावे, असे माझे मत होत चालले आहे. आपल्या भागातील बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात आणि अकरावीत 'प्लाझ्मोलायसिस'सारखे (पाणी बाहेर गेल्याने पेशीचा आतला भाग आक्रसणे) शब्द त्यांच्या अंगावर एकदम येऊन पडतात. मागच्या आठवड्यात मी व्याख्या न सांगताच ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल मुलांना काढायला लावली आणि ती आधी पाण्यात, मग मिठाच्या दाट द्रावणात पाहायला सांगितली. पेशीभित्तिका जागच्या जागी राहून आतला जांभळा भाग आक्रसत गेला, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, पाणी गेले ते नेमके कुठून?" व्याख्या त्यानंतर सांगितली आणि ती दोन मिनिटांत आटोपली.

प्रतिसाद १ (लातूर, शिकवणी वर्गात अध्यापन) :
सर, प्रसंग सुंदर आहे, परंतु वेळेचे गणित जुळत नाही. 'नीट'मधील १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण या एकाच विषयाचे, आणि त्यातला एकही प्रश्न स्लाइड करून सोडवायचा नसतो. सोयाबीन विकून फी भरणाऱ्या पालकाला मी काय सांगू? शिवाय बारावीच्या ३० गुणांच्या प्रात्यक्षिकाचे वास्तव आपणही जाणता : जर्नल गेल्या वर्षीच्या मुलाचे उतरवलेले, सूक्ष्मदर्शक वीस जणांत एक, आणि त्याच्या ४५ एक्स भिंगावर बुरशी. अशा भिंगातून मुलाला कव्हरस्लिपखालचा हवेचा बुडबुडा दिसतो. तो त्याचा काळा काठ काढतो आणि खाली 'पेशी' असे लिहितो. त्यापेक्षा चलचित्र बरे.

प्रतिसाद २ (बीड, बी. एस्सी. द्वितीय वर्ष) :
तो बुडबुडा मीही काढला आहे, आणि त्याला पूर्ण गुणही मिळाले आहेत. पण पदवीला आल्यावर घरच्या ज्वारीच्या पानाची साल खरवडून पाहिली, तेव्हा पर्णरंध्राच्या (पानावरच्या सूक्ष्म छिद्राच्या) दोन बाजूंच्या रक्षक पेशी चित्रातल्यासारख्या घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या नव्हत्या, तर डंबेलसारख्या होत्या. मला स्लाइडच चुकली असे वाटले. मॅडमनी शेजारी मेथीच्या पानाची साल ठेवायला लावली, आणि तिथे दाणे दिसले. गवतवर्गीय वनस्पतींत असा आकार असतो, हे वाक्य अकरावीच्या पुस्तकात होतेच. 'नीट'च्या तयारीत मी ते अनेकदा वाचले आणि दर वेळी विसरले होते. इतकी वर्षे ज्वारी खुरपली, तिचे पान मात्र तेव्हा पाहिले.

प्रतिसाद ३ (पुन्हा शिकवणी वर्गातून) :
ताई, आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. मॅडम नसत्या तर आपण ती स्लाइड धुऊन टाकली असती. काय पाहायचे हे आधी ठाऊक नसेल, तर भिंगाखाली बुडबुडाच दिसणार. म्हणून आधी पाठ, मग प्रयोगशाळा.

धागालेखक :
मॅडमची गरज मान्य, पाठाची नाही, कारण मॅडमनी पाठ दिला नाही, दुसरे पान दिले. बुडबुड्याचा मुद्दा मात्र मला लागला. यापुढे पहिल्या तासाला मुद्दाम बुडबुडा असलेली स्लाइड दाखवीन आणि मगच कांद्याची साल देईन. सध्या प्रयोगशाळेत बाटल्यांच्या तोंडावर कांदे मुळे फुटण्यासाठी ठेवले आहेत. शनिवारी मूलाग्रे ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवून पेशींचे विभाजन पाहायचे आहे, जमल्यास १६ गुणसूत्रे मोजायची आहेत. आपल्या वर्गातली, हा पाठ झालेली पाच मुले पाठवा. पाठ न झालेली पाच माझ्याकडे आहेत.